अर्ध्या मार्काचे सर

सरांच्या वर्गात फळ्याशेजारी एक स्टूल होतं. स्टुलावर उपडा तांब्या, तांब्यावर पेला आणि पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. जमीन हलली की आधी चमचा पडणार, आवाज होणार आणि आपण बाहेर पळणार, अशी सरांची व्यवस्था होती. भूकंपानंतर लातुरात घरोघरी अशी भांडी रचून ठेवलेली असत, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. मी बारावीला लातूरला आले तेव्हा भूकंपाला पाच वर्षं होत आली होती. बाकीच्यांनी आपापले पेले मांडणीवर परत नेऊन ठेवले होते. सरांचा चमचा जागेवर होता.

औशाच्या रस्त्यानं भरलेला ट्रक गेला की चमचा पडे. महिन्यातून दोनदा तरी पडेच. मग शंभर-सव्वाशे मुलंमुली वह्या टाकून अंगणात. सर सगळ्यात शेवटी हजेरीपट घेऊन बाहेर येत, हजेरी घेत आणि सगळे जिवंत आहेत अशी खात्री झाली की एकेकाला प्रश्न विचारून आत सोडत. उत्तर आलं नाही तर अंगणातच थांबायचं. किनवटचा एक मुलगा पेशीविभाजनाच्या प्रश्नावर दुपारभर उन्हात उभा होता. भूकंप झालेला नव्हता, पण त्याला तो झाल्यासारखाच वाटला असेल.

मला लिहिता येतं असं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी 'तुझ्या आठवणीतल्या एखाद्या शिक्षकांवर लिही' असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा सुरुवात कुठून करतात हे कुणाला विचारावं तेही कळेना. म्हणून चमच्यापासून केली. हे छापून आलं तरी माझी माय ते वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. ती वाचणार असती तर मी दुसऱ्या कुठल्या तरी सरांवर लिहिलं असतं.

सर जीवशास्त्र शिकवत. ते मुलांना नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. "रेणापूर, तू सांग." "धर्माबाद, जागी हो." माझं गाव नांदेडजवळचं, लहान, सरांच्या मते उच्चारायला अवघड, म्हणून मी 'नांदेड'. भूकंपातल्या गावांची दोन मुलं वर्गात होती. त्या दोघांना मात्र सर त्यांच्या स्वतःच्या नावानं हाक मारत. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

सर फळ्याकडं तोंड करून लिहीत असतानाही पाठीमागं कोण काय करून राहिलंय हे त्यांना समजायचं. सरांच्या पाठीला डोळे आहेत असं मुलं म्हणायची. मी पहिल्या बाकावर बसत असल्यानं मला खरं कारण माहीत होतं. फळ्याच्या वर वनस्पतीपेशीचं एक चित्र काचेच्या चौकटीत लावलं होतं आणि त्या काचेत सगळा वर्ग दिसायचा. मी हे कुणालाही सांगितलं नाही. मला बऱ्याच गोष्टी माहीत असायच्या आणि मी त्या सांगत नसे.

त्यासाठीच सरांकडं अर्ध्या मार्काची सोय होती. सर प्रश्न विचारत. दुसऱ्या कुणी उत्तर दिल्यावर एखादा कुजबुजायचा, "सर, मला येत होतं." मग सर खिशातून लाल पेन काढून त्याच्या वहीच्या कडेला ½ असं लिहीत. "वेळ गेल्यावरचं बरोबर उत्तर. अर्धा मार्क." वर्षाच्या शेवटी माझ्या वहीत असे तेवीस अर्धे होते. मला उत्तर यायचं. हात वर जात नसे. आमच्या घरात मोठ्यांच्या बोलण्यात हात वर करायची पद्धत नव्हती, आणि लातूरला आल्यावर एकदम कुठून येणार?

तास संपताना सर खडू झटकून विचारत, "कुणाला काही विचारायचंय?" कुणालाच काही विचारायचं नसे. सर तरीही पाच मोजेपर्यंत थांबत.

तास पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. अंगणापलीकडं सरांचं स्लॅबचं चांगलं तीन खोल्यांचं घर होतं. त्यात काकू राहायच्या आणि पुढच्या खोलीत आम्ही चार मुली भाड्यानं. सर शेडमध्येच शिकवत आणि शेडमध्येच झोपत. भूकंपात त्यांचं घर पडलं नव्हतं, स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा गेला, एवढंच. पण सर पंधरा दिवस तिकडच्या गावांत मदतीला गेले आणि परतले ते स्लॅबखाली झोपायला म्हणून आलेच नाहीत. तिथं काय बघितलं हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यांना सांगितली. एका घराच्या ढिगाऱ्यामागं केळीचं झाड दगडांखाली चिरडून पडलं होतं. सर तिथून निघाले त्या दिवशी त्या दगडांच्या फटीतून हिरवा पील, म्हणजे बुडातून फुटणारा नवा कोंब, वर आला होता, वीतभर.

"घर पडलं की ते परत उगवत नाही," सर म्हणायचे. "केळ पडली की पील येतो. तर मग माणसानं पैसा कशात घालावा?"

हा प्रश्न ते जीवशास्त्राच्या तासाला विचारत. तेव्हा लातुरात शिकवण्यांचे दिवस होते. दर गाडीनं मुलं उतरत होती आणि सरांच्या बरोबरीचे सगळे शिक्षक मजल्यावर मजला चढवून वसतिगृहं बांधत होते. सर म्हणत, "लोकं सिमेंटात घालून राहिले. मी केळीत घालणार. आणि माझी केळी दुबईला जाणार."

"बाकीची लोकं भूकंपातून देव घेऊन आली," काकू पोळी लाटता लाटता आम्हाला सांगायच्या. "आमचे हे केळ घेऊन आले."

लातुरात माणसांनाच पाणी नाही, तर केळीला कुठलं? म्हणून सरांनी नांदेडकडं, आमच्या गावाला लागून, कालव्याच्या पाण्याची सहा एकर जमीन घेतली. माझा त्यांच्या वर्गाशी संबंध आला तो त्यामुळं. मी केळीतून सरांकडं गेले, जीवशास्त्रातून नाही. आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, शेजारी तीन एकर केळी. सर पहिल्यांदा आमच्या बांधावर आले ते छत्री घेऊन, एसटीनं. दादांशी एक तास केळीवर बोलले आणि निघताना म्हणाले, "पोरगी दहावीला कशी आहे?"

"बरी हाय. बोलत न्हाई," दादा म्हणाले.

"अकरावी इथं करू द्या. बारावीला लातूरला पाठवा. बोलतं मी करतो."

दोन वर्षांनी मी काकूंच्या पुढच्या खोलीत होते. बोलतं करण्याचं काम मात्र राहून गेलं, ते शेवटी सांगते.

दुबईचं गणित सरांनी गावातल्या पारावर फळा टेकवून समजावलं. आमच्याकडचा माल व्यापारी बांधावरूनच उचलायचे. घड कापायचे, ट्रकमध्ये रचायचे, मिळेल तो भाव. सर म्हणाले, "केळी पिवळी करणं सोपं. हिरवी ठेवणं अवघड. जो हिरवी ठेवील त्याचा माल समुद्रापार जातो." त्यासाठी घडाला पिशवी घालायची, डाग पडू द्यायचा नाही, फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढायचा, खोक्यात भरायचं आणि थंड कंटेनरमध्ये तेरा डिग्रीला ठेवायचं. तेराच्या खाली गेलं तर साल काळी पडते, वर गेलं तर माल पिकतो.

"तेरा," सर म्हणाले. "बाकी सगळं विसरा."

तेव्हापासून त्यांच्या खिशात लाल पेनाशेजारी थर्मामीटर आला. ते चहाचं तापमान घेत. एसटीचं घेत. एकदा वर्गात तापानं फणफणलेल्या मुलीच्या कपाळाला त्यांनी तोच लावला आणि ते म्हणाले, "तुझी निर्यात होणार नाही. घरी जा." आमच्या गावची पोरं त्यांना तेरा मास्तर म्हणायची.

दादांसकट सात शेतकरी तयार झाले. देखरेखीला सरांनी नांदेडहून चाचांना आणलं. फळबाजारात चाचांच्या घराण्याची तीन पिढ्यांची केळी पिकवायची खोली होती. बंद खोलीत घड रचायचे, धुरी द्यायची आणि दोन दिवसांत हिरव्याचं पिवळं करायचं, हे त्यांचं हातखंडा काम. त्यांनाच सरांनी केळी पिकू न देण्याच्या कामावर नेमलं.

"पिकतं कसं हे ज्याला कळतं, त्यालाच ते थांबवता येईल," सर म्हणाले.

चाचा मला म्हणाले, "क्या बोलूँ बेटी, सारी उमर केले पकाने में गई. अब मास्टरसाब बोलते, नको पकाओ. पहली बार कोई काम नै करने के पैसे मिल रे."

पण चाचा कामाला कडक होते. माल भरायच्या मांडवाच्या शंभर पावलांत धूर होऊ द्यायचा नाही. दादांची बिडी त्यांनी दोनदा काढून घेतली. तिसऱ्यांदा दादांनी ती स्वतःच चाचांच्या हातात दिली आणि बांधापलीकडं जाऊन तंबाखू मळत बसले. पूजेला उदबत्तीसुद्धा नाही, असा सरांनी नियम केला. सरांनी सगळ्याचा विचार केला होता.

काकूंनी एकच अट घातली, ती आम्हा चौघींच्या साक्षीनं. "पहिला कंटेनर हिरवा पोचला, तर तुमची केळी. पिवळा झाला, तर केळी सोडायची, घरावर मजला चढवायचा आणि मुली ठेवायच्या. चारच्या जागी वीस."

सरांनी दारातूनच वर स्लॅबकडं बघितलं. मग ते "कबूल" म्हणाले आणि अंगणात निघून गेले. त्यांच्या डोक्यावर आणखी एक स्लॅब येणार की नाही, हे आता आमच्या गावच्या केळीवर ठरणार होतं.

इथं मला वर्गातला एक प्रश्न सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. वनस्पतींच्या संप्रेरकांवर सरांनी चाचणी घेतली होती. प्रश्न चौथा, पाच मार्क: आढीत एक पिकलेला आंबा का ठेवतात? मी लिहिलं होतं, पिकलेल्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो शेजारच्या कच्च्या फळांना पिकवतो, त्यामुळे एक पिकलेलं फळ सगळी आढी पिकवतं. मला पाचपैकी पाच मिळाले. सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मी त्या वेळी बाकाखाली पडलेलं पेन शोधत होते.

माल भरायच्या दिवसासाठी मी सुट्टी घेऊन गावी गेले. कंटेनर सकाळीच आमच्या शेतात येऊन उभा राहिला. त्याचं मशीन घरघरत होतं. आत शिरलं की अंगावर काटा यायचा. सगळी पोरं आत जाऊन उभी राहून येत होती. गावात पहिल्यांदाच कुणी थंडी भाड्यानं आणली होती. आतल्या भिंती पत्र्याच्या, चकचकीत. खोकी मांडवात तयार होती. चाचा दाराशी उभे राहून म्हणाले, "चलो, भरो."

तेवढ्यात माय आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"सर, तशीच धाडता का?"

"तशीच कशी बाई? आता माल भरायचाय."

"तसं न्हवं. लेक परमुलखात चालली. ओटी न भरता धाडत्यात व्हय?"

"अगं, गाडी हाय ती," दादा म्हणाले.

"गाडी आसंल. आतला माल तर माझ्या हातचा हाय न्हवं? वरीसभर लेकरावाणी झाकून ठिवलाय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्या पोरीला लातूरला धाडली तवा कुवार म्हून ओटी भरता आली न्हाई. यष्टीत बसून तशीच गेली. हिची तरी भरू द्या."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मायकडं.

"भरा," ते म्हणाले.

मायनं ताट माझ्या हातात दिलं, चपला काढल्या आणि ती आत गेली. मी मागोमाग. अगदी शेवटच्या भिंतीशी, कोपऱ्यात, तिनं खण अंथरला. नारळ ठेवला, तांदूळ पाच वेळा ओंजळीनं सोडले. मग पदराखालून एक फणी काढली. घरात खायला म्हणून टांगलेल्या घडाची, पिवळीधमक, सालीवर तपकिरी ठिपके आलेली. "केळीची ओटी केळीनंच भरावी," असं पुटपुटत तिनं ती नारळाशेजारी ठेवली.

त्या थंड, बंद जागेत पिकल्या केळीचा वास लगेच आला. माझ्या डोक्यात प्रश्न चौथा आला. उत्तरही आलं, ओळीनं, मी लिहिलं होतं तसं.

मी सरांकडं बघितलं. ते दाराजवळच्या भिंतीला थर्मामीटर टेकवून, आमच्याकडं पाठ करून उभे होते. चाचा दाराबाहेर होते. ओटी भरली जातेय म्हटल्यावर त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला होता आणि ते खाली बघत होते. माय हात जोडून डोळे मिटून उभी. मला वाटलं, तिनं डोळे उघडले की सांगू. तिनं डोळे उघडले. ते भरलेले होते. ती म्हणाली, "चल." मी चालायला लागले.

ती घरी गेली असती, तर मी गुपचूप फणी काढून आणली असती, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण लग्नाची गाडी निघेपर्यंत आई जशी हलत नाही, तशी माय दारासमोर मातीत बसून राहिली. आणि खोकी आत जायला लागली.

पहिला थर लागला, तेव्हा कोपरा अजून दिसत होता. दुसरा लागला. मी वही घेऊन खोक्यांवर खुणा करत होते. आता सांगितलं तर फक्त दोन थर काढावे लागतील. आता पाच. चाचा तीनदा पाणी प्यायले, एकदा तर पूर्ण तांब्या. सर दर दहा मिनिटांनी आत डोकावून थर्मामीटर बघत होते. तो तेरावरच होता. अर्धा कंटेनर भरला तेव्हा सरांनी अचानक हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"कुणाला काही विचारायचंय?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शेतात असं कुणी विचारत नाही. सर थांबले. मी मनात मोजलं, एक ते पाच. माझा पेन्सिलीचा हात कमरेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. चाचांनी खाकरल्यासारखं केलं.

"भरा," सर म्हणाले.

दारं लागली, सील बसलं, गाडी रस्त्याला लागली. माय रडली. मीही रडले. बायका म्हणाल्या, लेकीचं मन मायवर गेलंय.

पंधरा-वीस दिवसांनी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर दुबईचा फॅक्स आला. सर तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. उंबऱ्याच्या आत ते येत नसत. "नांदेड, वाच," म्हणाले. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. माल पिवळा पोचला आहे. आतल्या टोकाला पूर्ण पिकला आहे, दाराकडं कमी. आम्ही हिरवा मागितला होता, सबब घेता येत नाही. खाली लिहिलं होतं, आतल्या टोकाला पुढील वस्तू सापडल्या: नारळ एक. कापड हिरवं एक. तांदूळ अंदाजे पाव किलो. पिवळं मूळ एक. लहान कडक फळ एक. केळीची फणी एक, काळी. या वस्तू पॅकिंग यादीत नाहीत. खुलासा करावा.

काकूंचं लाटणं थांबलं. "नारळ कुणी ठेवला?"

मी फॅक्सची घडी घालायला लागले.

"मी," सर म्हणाले. "शुभ असतं."

काकूंनी लाटणं खाली ठेवून त्यांच्याकडं बघितलं. या माणसानं स्वतःच्या लग्नात भटजींचा मुहूर्त टळू दिला होता, कारण त्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढं होतं.

खुलाशावर सरांनी तीन दिवस काढले. किती तरी कागद फाडले. शेवटी एकाच ओळीचा फॅक्स पाठवला. त्याचा अर्थ असा होता: सदर वस्तू विक्रीसाठी नव्हत्या.

गावात सर स्वतः गेले. मशीन बिघडलं असं सांगितलं, आणि सातही जणांना ठरलेला भाव दिला. लोक हळहळले. दादा म्हणाले, "मास्तर, तुमचं लई नुकसान झालं." सर म्हणाले, "मजला चढवायचाय आता, त्याचीच कामं आहेत." मग माय पुढं झाली. मी तिथंच उभी होते.

"सर, माल गेला तो गेला. पर ओटी तरी पोचली का?"

"पोचली," सर म्हणाले. "त्यांची लेखी पोच आलीय. नारळापासून सुपारीपर्यंत एकेक वस्तू लिहिलीय."

मायनं ते सगळ्या गल्लीला सांगितलं. अजून सांगते.

त्या वर्षी बोर्डाच्या पेपरात इथिलीनचा प्रश्न आला. मी तो ऑप्शनला टाकला. डॉक्टरकीला मार्क कमी पडले. एका प्रश्नानं पडले असं नाही, बरेच कमी पडले. आता मी नांदेडला बीएस्सी करते, वनस्पतीशास्त्र घेऊन.

मागच्या दिवाळीत मी लातूरला गेले. घरावर मजला झाला आहे. वर सोळा मुली राहतात, काकू गॅलरीत उभ्या राहून त्यांच्या वेळा बघतात. खाली अंगणात तीच शेड आणि तोच चमचा. सर एकटेच बसले होते. समोर चहा, चहात थर्मामीटर.

"सर, एक सांगायचं होतं."

"हात वर कर."

मला वाटलं ते गंमत करत आहेत. ते करत नव्हते. मी हात वर केला.

"हं. नांदेड."

मी सांगितलं. अडखळत, शेवटाकडून सुरुवातीकडं. सर म्हणाले, "पूर्ण वाक्यात." मग मी पूर्ण वाक्यात सांगितलं. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो, तो शेजारच्या कच्च्या फळांना पिकवतो, म्हणून हिरव्या मालात पिकलेली फणी ठेवू नये. माय ती ठेवत होती, तेव्हाच मला हे माहीत होतं.

"बरोबर," सर म्हणाले. त्यांनी लाल पेन काढलं आणि समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला ½ लिहिलं. मग त्याच्याखाली आणखी एक ½.

"हा कुणाचा, सर?"

"माझा. आतला पत्रा चकचकीत होता. माझी पाठ होती म्हणून काय झालं?"

त्याच्याखाली त्यांनी तिसरा लिहिला. "हा चाचाचा. मागच्या उन्हाळ्यात येऊन सांगून गेला. म्हणाला, पके केले की बास तो आई थी, पर बाई ओटी भर री थी साब, मैं कौन बीच में बोलने वाला. त्याला वाटलं मी बोलेन. मला वाटलं तू बोलशील, तुझी माय आहे."

"मला वाटलं तुम्हाला दिसलंच नाही."

"तिघांचे मिळून दीड. पाचपैकी." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आता त्या एका फणीनं झालं की मशीनही मधे कुठं बंद पडलं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण प्रश्न तो नव्हता."

मी विचारलं, "मग तुम्ही का बोलला नाहीत, सर?"

सरांनी चहातून थर्मामीटर काढला, पुसला. "तुझी माय म्हणाली, पोरगी तशीच गेली यष्टीत बसून. त्यावर मी काय तेरा डिग्री सांगू?"

तेवढ्यात औशाच्या रस्त्यानं ट्रक आला आणि चमचा पडला. सवयीनं मी उठून अंगणात पळाले. सर मागून आले, हजेरीपट घेऊन.

"नांदेड."

"हजर, सर."

त्यांनी खूण केली, पट मिटला, आणि ते माझ्यासमोर उभे राहिले. म्हणजे प्रश्न होता.

"आत कोपऱ्यात काय ठेवलंय?"

"पिकलेली फणी, सर."

"मग?"

"बाहेर काढायला पाहिजे."

"ऐकू आलं नाही. मशीन चालू आहे." ट्रक फाटकासमोर अडकून खरोखरच घरघरत होता.

"बाहेर काढा," मी म्हणाले.

"चाचा दाराबाहेर उभाय. त्याला ऐकू गेलं नाही."

मी डोळे मिटले आणि ओरडले, "फणी बाहेर काढा!" इतक्या जोरात मी याआधी कधी बोलले नव्हते. वर गॅलरीत मुली गोळा झाल्या. काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अगं, काय झालं? काय बाहेर काढू?"

सरांनी वर बघितलं नाही. ते बाजूला झाले आणि त्यांनी मला आत सोडलं.